मेसफोर आणि प्रूव्हरनाईन रिव्ह्यू: कंस हलवले की नक्की काय मोडतं ते बघायचं असेल तर

आधीच सांगून टाकतो, मेसफोरला माझ्याकडून ५ पैकी साडेचार आणि प्रूव्हरनाईनला साडेतीन. दोन्ही गणितातले नियम तपासणारे प्रोग्रॅम, एकाच डाउनलोडमध्ये येतात आणि फुकट आहेत, त्यामुळे अर्धा स्टार इकडे तिकडे झाला तरी कुणाच्या खिशाला काही होत नाही. पण हा रिव्ह्यू सगळ्यांसाठी नाहीये. ग्रुप, रिंग वगैरे करून झालंय आणि आता असोसिएटिव्ह नसलेल्या (कंस हलवले की उत्तर बदलू शकतं अशा) गोष्टींच्या नादी लागलाय, म्हणजे ऑल्टरनेटिव्ह, फ्लेक्सिबल, मूफांग, बोल असली नावं वाचून कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली हेच कळेनासं झालंय, अशा लोकांसाठी लिहितोय.

सॉफ्टवेअर काय करतं ते थोडक्यात. मेसफोरला तुम्ही काही समीकरणं देता आणि विचारता, हे सगळे नियम पाळून अमुक नियम मोडणारं एखादं छोटं टेबल आहे का? ते दोन घटकांपासून सुरू करतं, मग तीन, मग चार, आणि सापडलं की पूर्ण गुणाकाराचं टेबल समोर ठेवतं. प्रूव्हरनाईन उलट्या बाजूने जातो, तो नियमांवरून नियम सिद्ध करायला बघतो. दोन्ही विल्यम मॅक्यून यांचं काम. आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत असताना त्यांच्याच ईक्यूपी नावाच्या प्रोग्रॅमने १९९६ मध्ये रॉबिन्सचा प्रश्न (बूलियन अल्जेब्राच्या नियमांविषयीचा) सोडवला होता, जो १९३० च्या दशकापासून पडून होता आणि भल्याभल्यांना जमला नव्हता. प्रूव्हरनाईन हा त्यांच्या जुन्या ऑटर नावाच्या प्रोग्रॅमचा वारसदार. म्हणजे खानदान चांगलं आहे.

आता हे लागतंच कशाला? साहचर्य नियम, म्हणजेच असोसिएटिव्ह असणं, म्हणजे (कख)ग = क(खग), कंस कुठेही ठेवा उत्तर तेच. शाळेपासून हा नियम इतका अंगवळणी पडलेला असतो की तो नसेल तर काय होतं याचा अंदाजच नसतो. आकडे बघा. दोन घटकांवर एकूण १६ टेबलं बनतात, त्यातली ८ असोसिएटिव्ह. तीन घटकांवर १९,६८३ बनतात आणि असोसिएटिव्ह फक्त ११३. चार घटकांवर एकूण ४२९ कोटींच्या वर जातात आणि असोसिएटिव्ह ३,४९२. म्हणजे साहचर्य हा अपवाद आहे हो, आपण मात्र आयुष्यभर अपवादातच राहतो. मग मधल्या पायऱ्या येतात: साहचर्य पूर्ण नाही, पण थोडं आहे. क(कख) = (कक)ख असेल तर डावं ऑल्टरनेटिव्ह, (खक)क = ख(कक) असेल तर उजवं, दोन्ही असतील तर नुसतं ऑल्टरनेटिव्ह, (कख)क = क(खक) असेल तर फ्लेक्सिबल. नुसते एकाच घटकाचे घात नीट वागत असतील, म्हणजे कंस कसेही टाका पाचवा घात एकच, सहावा एकच, तर पॉवर असोसिएटिव्ह. ऑक्टोनियन (८ मितींच्या संख्या) ऑल्टरनेटिव्ह आहेत, त्यांच्या पुढचे १६ मितींचे सेडेनियन ऑल्टरनेटिव्हही नाहीत पण फ्लेक्सिबल आणि पॉवर असोसिएटिव्ह आहेत, अशी ती उतरंड.

आणि इथेच सगळ्यांची गडबड होते. ऑक्टोनियनसारख्या अल्जेब्रात, जिथे बेरीज आहे, वितरण आहे, तिथे डावं आणि उजवं ऑल्टरनेटिव्ह असलं की फ्लेक्सिबल आपोआप मिळतं. क च्या जागी क + ख टाका, उघडा, काटछाट करा, झालं. हे एकदा शिकलं की माणूस गृहीतच धरतो की ऑल्टरनेटिव्ह म्हणजे फ्लेक्सिबल, सगळीकडे. मेसफोरमध्ये डावं टाका, उजवं टाका, लक्ष्य म्हणून फ्लेक्सिबल टाका, आणि बटण दाबा. टेबल येतं! बेरीज नसलेल्या नुसत्या मॅग्मात (म्हणजे फक्त गुणाकाराचं टेबल, बाकी कुठलीच अट नाही) हे खोटं आहे.

प्रोग्रॅमने दिलेलं टेबल डोळ्यांना काही सांगत नाही (आकड्यांचा नुसता ठोकळा असतो), पण एकदा खोटं आहे हे कळलं की हाताने साफसुथरं उदाहरण बनवायला हुरूप येतो. हे घ्या, चार घटक: ०, क, ख, ग. कख = ग, गक = ख, बाकी सगळे गुणाकार ०. प्रत्येकाचा वर्ग ०, म्हणून ऑल्टरनेटिव्ह असायला एवढंच हवं की एकाच घटकाने एकाच बाजूने दोनदा गुणलं की ० यावं. क(कख) = कग = ०, ठीक. (कख)ख = गख = ०, ठीक. ग(गक) = गख = ०, (गक)क = खक = ०, सगळं ठीक. आता फ्लेक्सिबल: (कख)क = गक = ख, आणि क(खक) = क० = ०. मोडलं. पाच ओळींत संपलं. आणि हेच घटक पाया धरून बेरीज असलेला अल्जेब्रा बनवला तर तो ऑल्टरनेटिव्ह राहतच नाही, कारण क + ख चा वर्ग ग येतो, म्हणजे वर्ग शून्य असण्याची सगळी सोय तिथेच गेली. म्हणजे अल्जेब्रातलं ते प्रमेय ऑल्टरनेटिव्हच्या दोन नियमांच्या जोरावर उभं नाहीये, त्यातला अर्धा जोर बेरजेचा आहे. हे मला कुठल्याही व्याख्येतून इतकं स्वच्छ कळलं नसतं, आणि साडेचार स्टार मुख्यतः यासाठीच.

दुसरं एक उदाहरण जे टूल न वापरताही येतं, पण टूलवर तपासायला मजा येते. दगड, कागद, कात्री. गुणाकार म्हणजे जो जिंकेल तो, स्वतःशी खेळला तर स्वतःच. (दगड कागद) कात्री म्हणजे कागद आणि कात्री, उत्तर कात्री. दगड (कागद कात्री) म्हणजे दगड आणि कात्री, उत्तर दगड. असोसिएटिव्ह नाही. पण डावं ऑल्टरनेटिव्ह आहे, उजवं आहे, क्रम बदलला तरी फरक पडत नाही म्हणून फ्लेक्सिबलही आहे, आणि त्याहून पुढे जाऊन, कुठलेही दोन घेतले तर त्यांचं आपसात पूर्ण साहचर्य आहे. भांडण फक्त तिघं एकत्र आले की होतं. मूफांगचा नियम (तो पुढे लूपच्या भागात लिहिलाय) मात्र इथे चालत नाही. म्हणजे कुठलेही दोन घटक नीट वागतात याचा अर्थ मूफांग, हे समीकरणही मॅग्मात गेलं बाराच्या भावात, आणि तेही तीन घटकांत.

आता वापरायला कसं आहे ते. इथे थोडी चिडचिड आहे. पहिली गोष्ट म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली यू ते झेड ही अक्षरं व्हेरिएबल धरली जातात आणि ए, बी, सी वगैरे ठरलेले घटक. त्यामुळे पुस्तकात ए, बी, सी मध्ये लिहिलेला नियम जसाच्या तसा टाकला तर प्रोग्रॅम तो नियम फक्त तीन ठराविक घटकांसाठी धरतो, एक शब्दही न बोलता, आणि मग वाट्टेल ती टेबलं देतो. टेबल विचित्र दिसलं की पहिलं हेच तपासा. दुसरं, प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम लागतो. तिसरं, सिद्ध करायची गोष्ट वेगळ्या यादीत टाकायची, आणि मेसफोर तीच उलटी करून मोडायला बघतो. टेबलाबरोबर तो हेही सांगतो की नियम नक्की कुठल्या घटकांवर मोडला, आणि ही सोय फार कामाची आहे, नाहीतर टेबल हातात आणि तुम्ही एकेक जोडी तपासत बसलाय असं झालं असतं. एकच टेबल वेगवेगळ्या वेशात पुन्हा पुन्हा आलं तर गाळायला वेगळी छोटी उपयुक्तता सोबत येते, तीही बरी चालते.

मॅग्माची मजा संपली की लूपकडे या. लूप म्हणजे अविकारक घटक (ज्याने गुणलं तरी काही बदलत नाही असा) आहे आणि भागाकार दोन्ही बाजूंनी एकमेव होतो, फक्त साहचर्याची हमी नाही. इथे डावा भागाकार आणि उजवा भागाकार वेगळ्या क्रिया म्हणून टाकायचे, चार समीकरणं, की प्रोग्रॅम खूश. आणि मग नियम एकेक करून कडक करत गेलात की एक फार देखणी गोष्ट दिसते. काहीच जादा अट नसेल तर असोसिएटिव्ह नसलेला सगळ्यात लहान लूप ५ घटकांचा. बोलचा नियम घातला, क(ख(कग)) = (क(खक))ग, तर सगळ्यात लहान ८ चा. मूफांग घातला, ग(क(गख)) = ((गक)ग)ख, तर थेट १२. नियम जितका साहचर्याच्या जवळ, तितकं त्याला फसवायला मोठं टेबल लागतं. ५, ८, १२ हे आकडे पाठ करून कळत नाही, पण मेसफोरला ६ वर नाही, ७ वर नाही असं म्हणत पुढे सरकताना बघितलं की कळतं की तो नियम किती घट्ट बसलाय.

मूफांगच्या ओळीत ख च्या जागी अविकारक टाकून बघा, फ्लेक्सिबल पडतं हातात. क च्या जागी टाका, डावं ऑल्टरनेटिव्ह मिळतं. उजवं मात्र असं फुकटात मिळत नाही, त्याला कष्ट आहेत, आणि इथे प्रूव्हरनाईनचा नंबर येतो. बोलच्या ओळीत ख ला अविकारक केलं की डावं ऑल्टरनेटिव्ह मिळतं आणि तिथेच गाडी थांबते, फ्लेक्सिबल येतच नाही. (बोल म्हणजे नुसती कागदावरची करामत नाही बरं का. सापेक्षतेत वेगवेगळ्या दिशांचे वेग जोडण्याची जी क्रिया आहे ती असोसिएटिव्ह नाही, पण ती बोलचा नियम पाळते, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी अब्राहम उंगार यांनी त्यावरूनच जायरोग्रुपचं सगळं प्रकरण उभं केलं.)

प्रूव्हरनाईनबद्दल आता. काम करतो, वाद नाही. या क्षेत्रात अशा प्रोग्रॅमने खरे निकाल दिलेत. केनेथ कुनेन यांनी १९९६ मध्ये ऑटरच्या मदतीने दाखवलं की भागाकार एकमेव आहे आणि मूफांगच्या नियमांपैकी एखादा पाळला जातो एवढं माहीत असेल तर अविकारक घटक वेगळा मागावाच लागत नाही, तो आपोआप असतोच. मला हा निकाल अजूनही चकित करतो, कारण नियमात अविकारकाचं नावही नाही. नंतर फिलिप्स आणि व्होइतेखोव्स्की यांनी बोल आणि मूफांगच्या धर्तीचे सगळे नियम घेतले, असे ६० नियम होतात, आणि दाखवलं की लूपमध्ये त्यांची वेगळी कुटुंबं फक्त १४ आणि अविकारकाची अट नसलेल्या क्वासीग्रुपमध्ये २६. साठातले बरेच एकच निघतात! सिद्धता एका बाजूला प्रूव्हरची आणि वेगळेपणा दाखवणारी छोटी टेबलं दुसऱ्या बाजूला, हे काम म्हणजे अगदी या जोडीसाठीच बनलेलं.

मग साडेतीनच का? कारण सिद्धता वाचवत नाही. अमुक नंबरची ओळ तमुक ओळीत घुसवली, मग तिसऱ्या ओळीने साफ केली, मग परत घुसवली, आणि शेवटी विरोधाभास. बरोबर आहे, पण का बरोबर आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. सोबत सिद्धता नीटनेटकी करून छापायची उपयुक्तता आहे, तिच्याने नंबर ओळीत येतात, कल्पना नाही येत. ज्याला निकाल लेखात टाकायचाय त्याला चालेल, ज्याला समजून घ्यायचंय त्याने सिद्धतेतल्या मधल्या ओळींत ओळखीचा नियम कुठे येतोय ते शोधावं. लूपच्या सिद्धतेत बऱ्याचदा मध्येच कुठेतरी व्यस्त घटकाचा गुणधर्म उगवतो आणि तिथून सगळं सरळ होतं, त्या ओळीवर बोट ठेवलं की निम्मं काम झालं. आणि सिद्धता सापडली नाही तर प्रोग्रॅम वेळ संपेपर्यंत चालतच राहतो, त्यावरून नियम खोटा आहे असं समजायचं नाही. म्हणून माझा सल्ला, आधी मेसफोर चालवा, थोड्या आकारांपर्यंत काही सापडलं नाही तरच प्रूव्हर.

काही गोष्टी या दोघांना सांगताच येत नाहीत, आणि हे घेण्याआधी माहीत हवं. पॉवर असोसिएटिव्ह घ्या. शून्य कॅरेक्टरिस्टिकच्या (१ स्वतःत कितीही वेळा मिळवला तरी ० येत नाही अशा) अल्जेब्रात तिसरा आणि चौथा घात नीट असले की पुरे, हे ॲल्बर्ट यांनी १९४८ मध्ये दाखवलं. म्हणून वाटतं दोन समीकरणं टाकली की काम झालं. मॅग्मात नाही होत. क, त्याचा वर्ग, घन, चौथा घात, हे चार घटक घ्या आणि चौथ्यापर्यंत सगळं एकसारखं ठेवा. मग क गुणिले चौथा घात याला एक नवा घटक द्या आणि उरलेले सगळे गुणाकार ०. सहा घटकांचं टेबल झालं. तिसरा आणि चौथा घात सगळ्यांचा एकमेव, पाचवा फुटला. पाच ही अविभाज्य संख्या असल्यामुळे आधीच्या नियमांत वर्ग किंवा घन घालूनही पाचव्यापर्यंत पोचता येत नाही, आणि अविभाज्य संख्या संपत नाहीत, त्यामुळे कितीही समीकरणं टाकली तरी पुढचा कुठला तरी अविभाज्य घात सुटलेलाच असतो. कंस टाकायच्या पद्धतीही चार घटकांना ५, पाचांना १४, सहांना ४२ अशा वाढत जातात. आर्टिनचं प्रमेय, म्हणजे ऑल्टरनेटिव्ह अल्जेब्रात कुठलेही दोन घटक मिळून असोसिएटिव्हच काहीतरी बनवतात, तेही असंच, एका समीकरणात मावत नाही. हा दोष प्रोग्रॅमचा नाही, पण विकत घेणाऱ्याने (फुकट घेणाऱ्याने म्हणा) समजून असावं.

दुसरी मर्यादा म्हणजे मेसफोर फक्त मर्यादित आकाराची टेबलं शोधतो. काही नियम असे असतात की मर्यादित टेबलांत एकातून दुसरा निघतो आणि अनंत घटकांत नाही निघत, तिथे हा शोधत बसेल आणि काही सापडणार नाही. आणि बेरीज, वितरण टाकून ऑक्टोनियनसारखं काही शोधायला जाल तर विसराच. दोनच घटकांच्या फील्डवर ८ मितींचा अल्जेब्रा म्हणजे २५६ घटक, तीनच्या फील्डवर ६,५६१. टेबलाची बाजू एवढी झाली की हे टूल तिथे उपयोगाचं नाही. ऑल्टरनेटिव्ह रिंगमधून मूफांगचे नियम काढणं ही कॉम्प्युटर सिद्धतेच्या लोकांची जुनी कसोटी आहे, १९९० च्या सुमारास ती जमली, पण त्यासाठी खास बनवलेली पद्धत लागली.

वय झालंय सॉफ्टवेअरचं, हेही खरं. मॅक्यून २०११ मध्ये गेले आणि मूळ आवृत्ती २००९ वर थांबलेली आहे. खिडक्या आणि बटणं असलेला भाग त्याहूनही जुना, नव्या मशीनवर तो उघडेलच असं धरू नका, कमांड लाईनची सवय असेल तर काही अडत नाही. प्रूव्हरच्या बाबतीत व्हॅम्पायर नावाचा दुसरा प्रोग्रॅम आज जास्त जोरात आहे, ते मान्य करायला हवं. पण सोपेपणात मेसफोरला अजून तोड नाही असं माझं मत. २०२४ मध्ये गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी सुरू केलेला समीकरणांचा मोठा सामुदायिक प्रकल्प बघितला असेल तर कळेल, ४,६९४ समीकरणं आणि त्यांच्यातले २,२०,२८,९४२ संबंध, कुठल्यातून कुठलं निघतं आणि कुठलं नाही. साहचर्याचा नियम त्या यादीत ४,५१२ नंबरवर एक साधा सदस्य म्हणून बसलाय, डावं ऑल्टरनेटिव्ह, फ्लेक्सिबल हेही तिथेच. मूफांग नाही, कारण यादी चार गुणाकारांपर्यंतच जाते आणि मूफांगला सहा लागतात. तिथेही बहुतेक खोटे संबंध छोट्या टेबलांनीच उडवले गेले.

ज्यांना शोध नकोय, तयार माल हवाय, त्यांनी गॅप या सॉफ्टवेअरचं लूप्स पॅकेज बघावं, नॅज आणि व्होइतेखोव्स्की यांचं. तेही फुकट. त्यात असोसिएटिव्ह नसलेले मूफांग लूप ६४ पर्यंतच्या सगळ्या आकारांचे, शिवाय ८१ चेही, यादीत ठेवलेले आहेत: १२ चा एकच, १६ चे ५ (ऑक्टोनियनच्या एककांचा त्यातलाच एक), ८१ चे ५ आणि ६४ चे एकदम ४,२६२. एखादा नियम सुचला की या सगळ्यांवर एका ओळीत चालवून बघता येतो, आणि मेसफोर जिथे दमतो तिथून हे सुरू होतं. मी हल्ली दोन्ही उघडी ठेवतो, ६४ च्या त्या ढिगात अजून बरंच खोदायचंय.